चांदमारीवरचं घर

"कसली माती आणून ओतलीय कोण जाणे! पोरगं बागेतून वर आलं की खिशात नुसतं भंगार. आणि त्यात तो वेडा मोकळा फिरतो, ते वेगळंच." लिफ्टमध्ये प्रियंका कानाला फोन लावून कुणाला तरी सांगत होती, आणि तिच्या मागे, अगदी तिच्या ओल्या केसांचा शाम्पू नाकात जावा इतक्या जवळ, नर्मदा मेथीच्या दोन जुड्या पोटाशी धरून उभी होती. लिफ्टला तिन्ही बाजूंनी आरसे. आरशात प्रियंकाचे डोळे नर्मदाच्या डोळ्यांना भिडले आणि तिनं झटकन फोन खाली केला. "अगंबाई, काकू! तुमच्याबद्दल नव्हतं हं ते." नर्मदा म्हणाली, "चालायचंच." खरं तर काय चालायचं होतं ते तिला कळलं नाही, पण हा शब्द तिच्या तोंडात रुमालासारखा सदा घडी घालून ठेवलेला असायचा. तुमच्याबद्दल नव्हतं. म्हणजे वामन हा कुणा दुसऱ्याचा भाऊ. बोलणं सावरायला म्हणून प्रियंकानं मूठ उघडली. "हेच बघा ना, सकाळी कपडे धुताना निघालं. खिळा आहे का काय आहे?" तिच्या गोऱ्या, मेंदी उतरत आलेल्या तळव्यावर वाकडा झालेला एक करडा तुकडा होता, टोकाशी चपटा, मागे गोल, चघळून टाकलेल्या चिंचोक्यासारखा. नर्मदानं तो उचलला नाही. उचलायची गरजच नव्हती. त्याचं वजन तिच्या हाताला ठाऊक होतं. एवढ्याशा वस्तूला एवढं वजन कसं, हे कोडं तिच्या हातानं वयाच्या सहाव्या वर्षी सोडवलेलं होतं.

"शिसं आहे," ती म्हणाली. "हात धुवा. पोराचेही धुवा, साबणानं." आणि तिसरा मजला आला.

दार उघडून आत गेली तर वामन गॅलरीत त्याच्या खुर्चीवर, समोरच्या टेकाडाकडे तोंड करून. पन्नाशी ओलांडलेला माणूस, पण मान अजून पोरासारखी बारीक, आणि हनुवटीवर सकाळी तिनंच दाढी करताना राहिलेला पांढऱ्या खुंटांचा ठिपका. "बाय, आज बावटा खाली हाय," तो न वळता म्हणाला. रोज सांगायचा. टेकाडावर काठी दिसली नाही की बावटा खाली, म्हणजे आज गोळीबार नाही, म्हणजे शिसं वेचायला जायला हरकत नाही. "हाय ना? मंग बस गप," ती म्हणाली आणि मेथी निवडायला बसली. पाल्याचा वास सगळीकडे सारखाच असतो, ही एक बरी गोष्ट.

या संकुलात जेवढी बिऱ्हाडं राहायला आली, त्यांत स्वतःच्या गावी परत आलेली नर्मदा आणि वामन, ही दोघंच. बाकी सगळे बोईसरच्या कारखान्यांतले, तारापूरच्या वीजकेंद्रातले. कुणी सांगलीकडचे, कुणी जळगावचे, नर्मदाचा नवरा इंद्रजीत तर थेट कोरेगावचा. माकुणसारच्या पुढं समुद्राकडे उतरत जाणारा हा माळ त्यांना बिल्डरच्या चकचकीत चित्रात पहिल्यांदा दिसला, त्यात एक गोरी बाई टेकाडावर हात पसरून उभी होती. माळ मोठ्या युद्धाच्या वेळी लष्करानं घेतला होता. पुढं गोरे गेले, आपले आले. बराकी तशाच राहिल्या, फक्त त्यांना दरवर्षी चुना लागायला लागला. नेमबाजीच्या सरावासाठी मातीचं एक लांबलचक टेकाड रचलेलं होतं, त्याला गाव चांदमारी म्हणायचं. त्याच्यापुढं कागदाची माणसं उभी करायची आणि लांबून त्यांच्या छातीवर गोळ्या झाडायच्या. मग लष्करही गेलं, आणि कितीतरी वर्षं तिथं फक्त गवत आणि गुरं. आता बराकींच्या जागी इमारती आल्या: शौर्य, पराक्रम, विजय. पहारेकऱ्याच्या चौकीत योगासनं चालतात. टेकाडावर हिरवळ अंथरून त्याला 'सनसेट पॉइंट' नाव दिलं आहे, आणि त्याच्या कडेची माती खरवडून पोरांच्या बागेत घातली आहे. इंद्रजीतनं जागा ठरवून आल्यावर पेढा तिच्या हातावर ठेवला, "तुझ्याच माहेरच्या अंगाला घेतलं बघ," असं हौसेनं म्हणाला, तेव्हा तिनं पेढा तोंडात टाकला. काय सांगणार? माणूस हौसेनं काही आणतो तेव्हा त्याच्या हौसेखाली काय पुरलेलं आहे ते सांगायचं नसतं, एवढं तिला आईनं न बोलता शिकवलं होतं.

बाप सुका चांदमारीवर बावटा चढवायचा. तांबडा बावटा वर गेला की गाव त्या अंगाला फिरकायचं नाही. गुरंसुद्धा वळायची, असं बाप म्हणायचा, पण बाप गुरांबद्दल नेहमीच जास्त सांगायचा. कागदी माणसांना गोळ्यांची भोकं पडली की तीही तो बुजवायचा, मैद्याची खळ लावून वर कागदाचे चिटोरे डकवायचा. घरी आला तरी त्याच्या बोटांना आंबूस वास. बावटा उतरला की गावातल्या बाया-पोरं टोपल्या घेऊन टेकाडावर. उन्हानं तापलेल्या मातीत बोटं खुपसायची आणि करडे दाणे उकरायचे. नर्मदाच्या नखांत ती माती अशी बसायची की शाळेत बाई हात पुढे करायला सांगत तेव्हा ती मूठच पुढे करी. आई लाडकी ते सगळं चुलीवर वितळवायची. भाकरीचा तवा उतरवून त्याच जागी लोखंडी कढई. आधी काही होत नाही, दाणे नुसते एकमेकांवर टेकून बसतात, आणि मग एकदम, कुणी हाक मारल्यासारखं, सगळं पाणी. चांदीचं पाणी. त्यात आईचा चेहरा दिसायचा, लांबट, हलणारा, देवळातल्या मुखवट्यासारखा. आई पळीनं ते मातीच्या साच्यात ओतायची, आणि एडवणच्या कोळणींना जाळ्याला बांधायच्या गोळ्या मिळायच्या. त्या बदल्यात बोंबील, करंदी, कधी सुरमईचं डोकं. घरात धूर भरायचा, जिभेवर गोडसर चव यायची. नर्मदाला ती चव अजून आठवते. आठवू नये अशा गोष्टी किती गोड असतात.

वामन तिच्या पाठचा, पाळण्यात. गोळीबार सुरू झाला की दचकून निळा पडायचा, रडता रडता श्वास हरवायचा. जाणत्या बायांनी मीठ-मिरच्या ओवाळून झाल्या, भगतानं दाणे टाकून पाहिले, तेव्हा लाडकीला तिच्या मनानंच एक उपाय सुचला. ज्याचा आवाज त्याचाच ताईत. टेकाडातली एक गोळी तिनं निवडली, नीट, न चेपलेली, दाभणानं तिला भोक पाडलं आणि काळ्या दोऱ्यात ओवून पोराच्या गळ्यात घातली. उतारा लागू पडला! पोराला दात येत होते. त्याला ती गोळी सापडली, तोंडात धरून तो तासन् तास चघळायचा आणि बाहेर कितीही धडाड्धूम झालं तरी हूं की चूं नाही. शेजारपाजारच्या बाया बघायला आल्या. "लाडके, तुज्या हाताला गुन हाय," म्हणाल्या. आई हसली. आईचं ते हसू नर्मदाला इतकं स्वच्छ दिसतं की तिला वाटतं, आपण डोळे काढून धुवून टाकले तरी ते आतल्या बाजूला राहील. पोर गप्प झालं ते झालंच. चालायला उशीर, बोलायला उशीर, पोटात कळा. मग एक दिवस फेफरं. तोवर दोरा तुटून तुटून तीनदा नवा झाला होता.

पालघरच्या डॉक्टरकडे नेलं तेव्हा वामन आठ-नऊ वर्षांचा असेल. वयस्क डॉक्टर, सावकाश बोलणारा. त्यानं वामनच्या हिरड्यांवरची निळसर रेघ बघितली, बराच वेळ बघितली, मग आईला विचारलं, "बाई, घरात शिश्याचं काही काम चालतं का? बॅटरीचं, रंगाचं, कशाचंही?" आईनं पदर घट्ट ओढला. "नाय. आमी शेतीवाली मानसं. तोफेच्या आवाजानं दचकला तो, पोटात व्हता तवाच." डॉक्टरनं नर्मदाकडे बघितलं. तिच्या फ्रॉकच्या खिशात त्या वेळी सुद्धा चार दाणे होते. वजनानं खिसा लोंबत होता. तिनं खिशावर हात ठेवला आणि खिडकीतून बाहेर बघितलं. बाहेर एक बकरी भिंतीवरचा कागद खात होती. घरी आल्यावर आईनं कढई परसातल्या, पाणी प्यायच्या विहिरीत टाकली. विहिरीत! नर्मदाला आता हसू येतं, रडू येण्याच्या इतक्या जवळचं हसू की कुठलं कुठं संपतं ते कळत नाही. त्या दिवसापासून घरात शिसं हा शब्द गेला. 'दचकला' एवढाच राहिला. मरताना आईनं तिचा हात धरून सांगितलं ते हेच, "दचकनारं पोर हाय, त्याला संबाळ." आणि नर्मदानं संबाळलं. इंद्रजीतशी लग्न ठरलं तेव्हा ती औषधांच्या कारखान्यात पाकिटं भरायची; तिनं एकच अट घातली, वामन आपल्याकडे राहील. कोरेगावच्या माणसानं क्षणभर विचार केला आणि विचारलं, "त्याला कुस्ती आवडते का?" तेवढ्यावर झालं लग्न.

लिफ्टमधल्या त्या भेटीनंतरच्या रविवारी संकुलाच्या दुसऱ्या टप्प्याची जाहिरात म्हणून बिल्डरनं सनसेट पॉइंटवर झेंडे लावले. तांबडेलाल, वाऱ्यावर फडफडणारे, रांगेनं. नर्मदा स्वयंपाकघरात होती. कुकरची शिट्टी आणि खालून आलेली किंकाळी एकदम झाली, म्हणून तिला आधी वाटलं, कुकरच ओरडला. खाली धावली तर बाकड्यामागं वामन प्रियंकाच्या चार वर्षांच्या मुलाला छातीशी आवळून बसलेला, मुलाच्या दोन्ही कानांवर आपले दोन्ही पंजे दाबून. मूल हंबरडा फोडत होतं. ओढताना त्याच्या मनगटावर वळ उठले होते. भोवती माणसं. कुणाच्या हातात काठी, बहुतेकांच्या हातात मोबाइल. "सोड त्याला! ए, सोड!" आणि वामन सगळ्यांना खालून वर ओरडून सांगत होता, "बावटा वर हाय! बसा की खाली! दिसत नाय का तुमाला, बावटा वर हाय!" कुणी बसलं नाही. उन्हात सगळे उभे होते, ताठ, कागदी माणसांसारखे, आणि त्यांच्यासाठी तो जिवाच्या आकांतानं घाबरला होता. नर्मदा त्याच्या शेजारी मातीत बसली. "उतरला बावटा, वामन. सोड." तिच्या तोंडाकडे बघून त्यानं हात सैल केले. तिचं त्याला सगळं खरं वाटायचं.

संकुलाच्या समितीची माणसं घरी येऊन गेली. सभ्य माणसं, चहा घेतला, बिस्किटाला हात लावला नाही. "आम्हाला समजतं हो, पण लहान मुलं आहेत." इंद्रजीत मांडीवर हात ठेवून ऐकत राहिला. ते गेल्यावर कप विसळता विसळता म्हणाला, "नर्मदा, हे घर भाड्यानं देऊ आणि आपण जाऊ परत बोईसरला. त्या दोन खोल्यांत काय वाईट होतं? तिथं त्याला सगळे ओळखतात. चहावाला बन्सी तर त्याला अजून विचारतो." किती सोपं करून सांगितलं त्यानं! ती म्हणाली, तुमचे गुडघे, तिथले जिने. ती म्हणाली, तिथली हवा, रात्रंदिवस कारखान्यांचा वास. ती म्हणाली, लेकीला, स्वराला काय वाटेल, एवढं घर घेऊन सोडलं म्हणून. पुण्याहून स्वराचा फोन आला तर ती म्हणाली, "आई, बाबा म्हणतात तसं करा ना. मामा खूश राहील." नर्मदा बोलत राहिली आणि इंद्रजीत तिच्याकडे बघत राहिला, एकेक कारण पालथ्या घातलेल्या कपासारखं ओळीनं मांडत असलेल्या बायकोकडे. मग त्यानं हात पुसले. "बरं," म्हणाला. या माणसानं तिला आयुष्यात कधी कोपऱ्यात गाठलं नाही. आणि आताच नेमकं कुणीतरी आपल्याला गाठावं, असं तिला वाटत होतं.

कारण वैतरणेच्या बाजूला, खाडीच्या अलीकडे, अशा माणसांसाठी एक आश्रम आहे, आणि तिथं नर्मदानं फोन केला तो झेंडे लागायच्या कितीतरी आधी, दिवाळीपूर्वी. इंद्रजीत पाळीवर, वामन झोपलेला. फराळाच्या चकल्या तळताना मध्येच गॅस बंद करून, पिठाच्या हातानं तिनं नंबर फिरवला. काही झालेलं नव्हतं. तोच तर प्रश्न होता, काहीही झालेलं नव्हतं. त्या सकाळी तिनं नेहमीसारखी त्याला आंघोळ घातली होती, आणि पाठीला साबण लावताना तिचा हात मध्येच थांबला. ही पाठ आता म्हातारी होत चालली आहे, हे तिला दिसलं, आणि त्यापाठोपाठ आपला हातही. तिनं कधी रात्र बाहेर काढली नव्हती. स्वराच्या बाळंतपणालासुद्धा सकाळी जाऊन संध्याकाळी परत. भिंतीपलीकडे त्याचा श्वास लागला की तिचे डोळे उघडायचे, त्याच्या फेफऱ्याआधी तिच्याच मनगटात मुंग्या यायच्या. कुणी तिला थोर म्हणायचं, कुणी देवमाणूस. त्या सगळ्या शब्दांखाली एक लहानशी, लाजिरवाणी इच्छा बसून होती: एक दुपार. नुसती एक दुपार, जिच्यात कुणी 'बाय' म्हणून हाक मारणार नाही, आणि आपला चहा गरम असतानाच संपेल. आश्रमातल्या बाईनं सांगितलं, जागा झाली की कळवू. सोमवारी फोन आला, झाली आहे म्हणून. प्रियंकाच्या मुलाचे वळ अजून निवळले नव्हते. नर्मदाला सुटल्यासारखं वाटलं. घरात तिनं सांगितलं, समितीचं दडपण आहे, दुसरा मार्ग नाही. वामनला सांगितलं, आपण एडवणला जायचं, ताज्या मासळीला. समितीला तिनं चेहरा असा उतरलेला दाखवला की लिफ्टमध्ये माणसं तिला वाट करून द्यायला लागली.

आज जायचं. बाहेर ढगाळ, पण पावसाचं नाही. इंद्रजीतनं वामनची पिशवी भरली. तीन शर्ट, गोळ्या, त्याचा लाडका टॉवेल, आणि कुणाला न सांगता वर खोबऱ्याच्या वड्यांचा डबा. नर्मदा गॅलरीत त्याच्यासमोर पाटावर बसून त्याची नखं कापत होती. आश्रमातल्यांना घाण दिसू नये. नखांत माती होतीच. ती काडीनं काढत होती आणि ती परत परत दिसत होती.

"एडवनला बोंबील भेटतील?"

"भेटतील. हात हलवू नको."

"तू काट काडून देशील?"

करंगळीचं नख राहिलं होतं. दारात इंद्रजीत पिशवी घेऊन उभा होता. "रिक्षा आली खाली," तो म्हणाला, आणि मग हळूच, तिच्याच पुरतं, "नर्मदा, अजून रिक्षा परत पाठवता येईल."

"आपल्याला कुठं काही करता येतंय?" ती म्हणाली. "समितीनं ठेवलंय का काही आपल्या हातात?"

वामननं एकदा तिच्याकडे, एकदा दाराकडे बघितलं. पिशवी जाड होती. मासळी आणायला जाताना पिशवी रिकामी नेतात, एवढं त्याला कळत होतं. "दाजी रागवले माज्यावर," तो म्हणाला. "त्या पोराला धरलं म्हनून. म्हनून मला सोडून येनार तुमी."

इंद्रजीतनं नर्मदाकडे पाहिलं. खूप वेळ नाही, पण पुरेसं. तेवढ्यात तिला कळलं की याला सगळं माहीत आहे. चकल्यांचा फोन, ओळीनं मांडलेली कारणं, सगळं. त्यानं पिशवी खाली ठेवली, खुर्चीशी येऊन उकिडवा बसला, गुडघा कटकन वाजला. वामनच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "हो रे गड्या. मीच रागावलो. माझंच डोकं फिरलं. बायचा काही दोष नाही त्यात."

वामनचा चेहरा उजळला. आता काय करायचं ते त्याला समजलं होतं. "मंग ऱ्हाऊ दे," तो समजुतीनं म्हणाला आणि कापलेल्या नखांचा हात नर्मदाच्या मांडीवर ठेवून मोकळा झाला. "बाय हाय ना. बाय तुमाला समजावल, दाजी. ती मला नाय जाऊ देनार."

नर्मदाच्या हातातलं नखं काढायचं यंत्र उघडंच राहिलं. मांडीवरचा तो हात गरम होता, जड होता. तिनं तो बाजूला केला नाही. इंद्रजीत मान हलवून तिला गप्प राहा म्हणत होता, आणि आयुष्यभर अशा वेळी जो शब्द तिच्या तोंडात यायचा तो 'चालायचंच' या वेळी आला नाही.

"वामन, माज्याकडं बग," ती म्हणाली. "दाजी रागवले नाय. कोनीच रागवलं नाय. आपन एडवनला नाय चाललो. वैतरन्याला एक जागा हाय, तितं तुला ठेवनार, आनि परत आननार नाय. मी ठरवलंय. त्या पोराच्या आदीच ठरवलंय, मी, एकटीनं. माज्यानं आता नाय व्हत रे. मला तू नको झालास."